जागा येऊलीय!

गाडीत बसलो, दार ओढून घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय अण्णा, बरं आहे का?" तर अण्णांनी एक बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे मिटले. गाडी चालू होती आणि चालवत तेच होते.

"गप की मास्तर, जागा येऊलीय!"

समोरून पाण्याचा टँकर येत होता. तो आला. जागा नाही आली.

या माणसाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. तुमच्या गल्लीत तो असतोच. आडनाव वेगळं, गाडी वेगळी, एवढंच. मोटार प्रवासासाठी असते असा गैरसमज त्याच्या मनाला कधी शिवलेला नसतो. मोटार म्हणजे चाकं बसवलेला स्टिरिओ. पेट्रोल भरायचं ते गाणं संपेपर्यंत गाडी चालू राहावी म्हणून, आणि तुम्हाला गाडीत घ्यायचं ते गाणं ऐकायला कुणीतरी लागतं म्हणून. "येतोस काय निपाणीला?" असं त्यानं विचारलं, की तुमचं निपाणीला काय काम आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

आमच्या शहापूरच्या अण्णांची मारुती ८००, पांढरी, केए २२. गाडीची किंमत आणि आतल्या सामानाची किंमत वेगवेगळी काढली, तर गाडी फुकट मिळाली असं निघेल. दोन दारांत दोन स्पीकर, मागच्या काचेखाली दोन, आणि डिकीत बारा इंची वूफरचं एक खोकं. या खोक्यामुळे वहिनी गेली कैक वर्षं प्रवासभर बॅग मांडीवर घेऊन बसल्या. संकेश्वरच्या एका लग्नाला आम्ही पाच जण निघालो, तेव्हा आहेराचा कुकर माझ्या मांडीवर होता. "डिकीत ठेवू काय?" असं मी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "डिकीत जागा कुठं आहे?" डिकीत जागा नाही, सीटवर जागा नाही, आणि जी यायची होती तीही संकेश्वरपर्यंत आली नाही.

परगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. 'येऊलीय' म्हणजे आमच्या बेळगावी बोलीत 'येते आहे'. पण 'येते आहे' म्हटलं की माणूस दार उघडायला उठतो. 'येऊलीय' म्हटलं की बसून राहतो. आणि जागा म्हणजे गाण्यातली जागा. गवई सुरांच्या बोळातून तुम्हाला नेत नेत एकदम कुठल्या तरी अंगणात सोडतो, ती. लिहून दाखवता येत नाही, सांगता येत नाही, आणि अण्णांच्या गाडीत ती ऐकताही येत नाही. कारण ती यायची वेळ आणि जगातली बाकी सगळी संकटं यायची वेळ एकच असते.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट घ्या. गेट पडलं, इंजिन बंद केलं, गाणं चालू. अब्दुल करीम खाँसाहेब. "आता बघ," अण्णा कुजबुजले, "गेट पडलंय ते बरंच झालं. निवांत. जागा येऊलीय." खाँसाहेब मिरजेचे, आणि रुळांवरून येणारी गाडीही मिरजेलाच चाललेली. दोघांनी एकाच क्षणी स्वर लावला. गाडीचा वरचा लागला. मग गेट उघडलं आणि दोन्ही बाजूंच्या स्कूटर, रिक्षा, टेम्पो अशा सगळ्यांनी मिळून जो तराणा सुरू केला, तो कपिलेश्वर पुलापर्यंत पुरला.

पुढं मुलानं पुण्याहून येऊन गाडीत ब्लूटूथवाला स्टिरिओ बसवून दिला. बापाची सोय व्हावी हा हेतू. ब्लूटूथचा कायदा असा, की फोन आला की गाण्यानं गप बसायचं. अण्णांच्या त्या यंत्राची आणखी एक खोड होती: फोन संपला की गाणं जिथं थांबलं तिथून नाही, पहिल्यापासून. आणि अण्णा काय तीन मिनिटांचं गाणं लावतात होय? बावीस मिनिटांचा ख्याल. विसाव्या मिनिटाला, काकतीच्या जरा पुढं, अण्णांचं बोट वर गेलं. "मास्तर, जागा—" आणि चारही स्पीकरांतून, वूफरच्या पाठबळासह, वहिनी.

"येताना आलं आणा. मागच्यासारखं वाळकं नको."

वहिनींच्या आवाजाला एवढा बेस आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अण्णांनाही नसावं. ते "हूं" म्हणाले, फोन बंद झाला, आणि तंबोरा पुन्हा पहिल्यापासून लागला. हत्तरगीच्या टोलनाक्याला विसावं मिनिट आलं. टोलवाल्याला सुट्टे पैसे हवे होते. हा फास्टॅगच्या आधीचा काळ. फास्टॅग आल्यावर तरी जागा येईल असं अण्णांना वाटलं होतं.

अण्णांचं खडेबाजारात साड्यांचं दुकान. शहापूर हे विणकरांचं गाव. स्वातंत्र्यापूर्वी सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात, पलीकडचं बेळगाव इंग्रजांकडे. शेजारच्या बेळगावला जायचं तरी राज्य बदलायचं, अशी आमच्या गावाची सीमेशी जुनी ओळख. तर अण्णांना साडीचा पोत बोटांना कळतो आणि गाण्याचा पोत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कानांना. एमपीथ्री हा शब्द ते 'पॉवरलूम' या शब्दाच्याच सुरात उच्चारतात. फ्लॅक म्हणजे हातमाग.

त्यांचं शास्त्र मी इतक्यांदा ऐकलं आहे की परीक्षेला बसू शकेन. सीडीवरचं गाणं म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅकमध्ये त्यातला एक कणही जात नाही. घडी घालून ठेवलेली साडी, उलगडली की तेवढीच्या तेवढी. एमपीथ्री ही जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी घडवलेली युक्ती. फायलींना ते नाव मिळालं १९९५ साली. मोठ्या आवाजाच्या आड दबलेला बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, मग तो जपायचा कशाला, टाकून द्या, हे तिचं तत्त्व. १२८ किलोबिटची फाईल म्हणजे मूळच्या गाण्याचा अकरावा हिस्सा सुद्धा नाही.

"टाकून द्या?" अण्णा इथं नेहमी स्टेअरिंगवर थाप मारतात. "मला काय ऐकू येत नाही ते जर्मनीत बसून कोण ठरवणार?"

"मी सांगते की," मागच्या सीटवरून वहिनी.

अण्णांना ते ऐकू आलं नाही.

(मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज टाकून द्यायचा, हा नियम सीमाभागातल्या माणसाला जरा जास्तच लागतो. ते असो.)

तेव्हा अण्णांचा नेम असा: ३२० किलोबिटच्या खाली काही ऐकायचं नाही. शक्य तिथं फ्लॅक. हा नेम ते ऐंशीच्या वेगानं, एक काच निम्मी उघडी टाकून, पुढच्या ट्रकच्या मागं राहून पाळतात. एकदा तर कुणाकडून तरी मिळालेली १२८ची गाणी त्यांनी रात्रभर बसून ३२० वर चढवली. मी म्हटलं, "अण्णा, पातळ ताक मोठ्या तांब्यात ओतलं म्हणून दाट होतंय काय?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना हाक मारली आणि म्हणाले, "तांब्या तर चांगला पाहिजे की नाही?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

आता पेनड्राइव्ह. ३२ जीबीचा, चांदीच्या रंगाचा, वहिनींनी शिवलेल्या खणाच्या पिशवीत. त्यावर दोन हजारांच्या आतबाहेर फायली, आणि प्रत्येकीचं नाव अण्णांनी स्वतःच्या हातानं, शुद्ध मराठीत, देवनागरीत टाईप केलेलं: गायक, राग, ताल, ध्वनिमुद्रणाचं साल. तीन पावसाळे या कामात गेले. आणि ही सगळी मेहनत स्टिरिओच्या पडद्यावर कशी दिसते? चौकोन. नुसते रिकामे चौकोन, ओळीनं, कोरा फॉर्म असावा तसे. यंत्राला रोमन लिपी येते, देवनागरी येत नाही. मुलानं सांगितलं, "बाबा, इंग्रजीत नावं द्या, पाच मिनिटांचं काम आहे." अण्णा म्हणाले, "दुकानाच्या पाटीसाठी आम्ही काय काय ऐकून घेतलंय, आणि आता गाडीतली पाटी बदलू होय?"

आणि त्यांनी चौकोन वाचायला शिकून सोडलं!

काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेलं अक्षर, प्रत्येकाला एकेक चौकोन. नऊ चौकोन दिसले की बालगंधर्व. सहा म्हणजे भीमसेन. पाच म्हणजे कुमार, किंवा माणिक. "पहिल्या पाचानंतर मोकळी जागा सोडून पुढं किती आहेत ते बघायचं, मग कळतंय," असं ते मला समजावत होते आणि मी समोरच्या बैलगाडीकडे बोट दाखवत होतो. खरी पंचाईत मंगेशकरांच्या घरात. लता तीन चौकोन, आशा तीन चौकोन, उषाही तीनच. मीना चार, म्हणून ती वाचली. "हे काय देवाघरचं गणित आहे की," अण्णा कौतुकानं म्हणायचे, आणि तीन चौकोन आले की आवाज सुरू होईपर्यंत त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या मुलासारखा व्हायचा. तेवढ्या सेकंदांत वहिनी मागून विचारायच्या, "ते उषाचं आहे काय हो, ते सिनेमातलं, नाचाचं?"

"तसलं नाही माझ्याकडं."

हा प्रश्न आणि हे उत्तर प्रत्येक प्रवासात एकदा. बहुधा तवंदी घाटात.

पण पेनड्राइव्हवरचा मोठा प्रश्न चौकोनांचा नव्हता. सीमाप्रश्न होता. अण्णांनी दोन फोल्डर केले होते, मराठी आणि कन्नड. सोपं वाटतं ना? कुमार गंधर्व कुठं घालायचे ते सांगा. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, मूळचं नाव शिवपुत्र कोमकळी, आयुष्य गेलं देवासला, आणि जीव टाकला तो मराठी माणसानं. भीमसेन गदगकडचे, घर पुण्यात. संतवाणी मराठीत, दासवाणी कन्नडमध्ये. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. पण त्यांच्या गळ्यातली गायकी कोल्हापूर दरबारी राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची, त्यांच्या मुलांकडून मिळालेली. कोल्हापूरहून धारवाडकडे जाताना तिला कोगनोळीला कुणी अडवलं नाही. उलट बाजूनं बघा: मराठी संगीत नाटक ज्यांनी १८८० साली 'शाकुंतल'नं उभं केलं, ते अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे नाट्यसंगीताचा आख्खा फोल्डरच वादग्रस्त.

अण्णांनी तिसरा फोल्डर काढला. त्याला नाव दिलं 'महाजन'.

१९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या महाजन आयोगावरून. निपाणी महाराष्ट्राला द्या, बेळगाव तिकडंच राहू द्या, असं तो आयोग म्हणाला होता. महाराष्ट्रानं ते मानलं नाही, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अण्णांच्या 'महाजन'मध्येही वर्षभर सगळे पडून होते: कुमार, भीमसेन, मन्सूर, गंगूबाई. हिंदुस्थानी संगीताचा निम्मा कणा प्रलंबित. मग एका १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाच्या फेरीतून आल्यावर, पाय चेपून घेता घेता अण्णांना सुचलं. उठले, संगणक लावला आणि प्रत्येक गाण्याची एक प्रत मराठीत घातली, एक कन्नडमध्ये. 'महाजन' रिकामा करून उडवला.

"बघ मास्तर," मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "दोघांनाबी पूर्ण मिळालं. कुणाचं काय कमी झालं नाही."

१९५६ साली राज्यांच्या सीमा आखताना हे कुणाला सुचलं नाही त्याचं कारण उघड आहे. जमिनीची प्रत निघत नाही.

पु. ल. देशपांडे आमच्याकडं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि पुढं 'गणगोत'मध्ये त्यांनी बेळगावचे रावसाहेब लिहिले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक गाणंवेड्या माणसाला आपण त्या घराण्यातले वाटतो. अण्णा तसं बोलून दाखवत नाहीत, पण मी काही लिहितो म्हटल्यावर मला गाडीत पुढची सीट मिळू लागली हे खरं आहे. मी मात्र त्यांच्यावर लिहायचं टाळत होतो. रोज कानात जाणाऱ्या माणसावर काय लिहायचं?

मागच्या वर्षी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग गुडघ्याचं. रात्री गाडी चालवू नका, मग दिवसाही चालवू नका. दुकान पुतण्याकडं गेलं. मुलगा पुण्याहून आला आणि दोघांना घेऊन गेला. मारुती विकली, घेणाऱ्यानं वूफर काढून मगच नेली, म्हणाला, डिकीत भाजीची पोती ठेवायची आहेत. जायच्या दिवशी अण्णांनी खणाची पिशवी माझ्या हातात दिली. मुलाच्या नव्या गाडीत पेनड्राइव्ह घुसवायला भोकच नाही. एक बारकं आहे, ते चार्जिंगचं. तिथं म्हणे सगळी गाणी हवेतून येतात.

आठवड्यानं फोन केला. "काय अण्णा, गाणी ऐकताय काय?"

"हो की. सगळी हायत इथं. मागितलं की लागतंय. एक संपलं की त्याच्याच मनानं दुसरं लावतंय."

"मग बरं आहे की."

"बरं आहे." थोडं थांबून म्हणाले, "नावं सगळी नीट दिसतात रे. चौकोन एकपण नाही."

मी विषय बदलला. आलं पुण्यात काय भाव मिळतं ते विचारलं.

मग गेल्या महिन्यात मला निपाणीला जायचं होतं. माझी गाडी जुनी, स्टिरिओ त्याहून जुना. अण्णांनी त्याला कधी स्टिरिओ म्हटलं नाही, 'तुझा तो डबा' म्हणायचे. डब्याला पेनड्राइव्ह लावला. या जुन्या डब्यांची एक रीत असते, ती मला तोवर माहीत नव्हती. ते नावाप्रमाणं, अकारविल्ह्यानं गाणी लावत नाहीत. पेनड्राइव्हवर जी फाईल आधी चढवली ती आधी, मागून चढवली ती मागून. अण्णांच्या गाडीत गाणी त्यांच्या हुकमानं लागायची. माझ्या डब्यात ती अण्णांनी जमवली त्या क्रमानं लागू लागली.

पहिले बालगंधर्व, नऊ चौकोन. खरखर गाण्यापेक्षा जास्त. मग मधेच लहान मुलाचा आवाज, पावकी-निमकी म्हणतोय: म्हणजे आज पुण्यात नवी गाडी चालवणारे चिरंजीव. मग सत्यनारायणाची आख्खी पूजा, पाचही अध्याय, फळासहित. मग भीमसेन, सहा चौकोन. आणि मग पडद्यावर एकदम अक्षरं आली. रोमन लिपीत, स्पष्ट: टेस्ट.

गाणं लागलं ते सिनेमातलं. नाचाचं. उषाबाईंचं.

आवाज पातळ, झांजा चिरकणाऱ्या. १२८ पेक्षा जास्त असेल तर माझं नाव बदला. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. साठेक गाणी, काही ऐकून काही ढकलून, पुढं गेलो, तर हत्तरगीजवळ पुन्हा अक्षरं: टेस्ट दोन. तेच गाणं. मग 'नवे स्पीकर'. तेच. संकेश्वर सोडल्यावर 'वूफर'. तेच. प्रत्येक नवं सामान गाडीत बसवलं की पहिलं गाणं कुठलं लावून बघायचं, हे अण्णांचं ठरलेलं होतं तर. आणि गाडीत वहिनी बसल्या की ते त्यांच्याकडं नव्हतं.

याचा अर्थ काय लावायचा, वहिनींना सांगायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. सांगितलं तर अण्णांची इतक्या वर्षांची थाप उघडी पडेल. आणि वहिनींना ते आधीच ठाऊक नसेल असंही मी छातीठोक सांगत नाही. खणाची पिशवी शिवणारी बाई आत काय आहे ते बघतेच.

तवंदी घाट चढताना बावीस मिनिटांचा तो ख्याल लागला. रस्ता मोकळा होता. फाटक नाही, टोल नाही, फोनला रेंज नाही. सुट्टे पैसे मागायला कुणी नाही. मी काचा वर केल्या आणि कान देऊन ऐकलं, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. घाट संपला, निपाणीची घरं दिसू लागली, आणि पडद्यावर पुढच्या गाण्याचे चौकोन उमटले.

जागा येऊन गेली असणार. ती नेमकी कुठली, ते मला कळलं नाही. बोट वर करणारं कुणी गाडीत नव्हतं, आणि माझा डबा मागं नेता येत नाही, फक्त पुढं.

अण्णा, हे वाचाल तेव्हा एवढं लक्षात घ्या: पेनड्राइव्ह माझ्याकडं सुरक्षित आहे, पिशवीसकट. मी तो कुरिअरनं पाठवणार नाही आणि पुण्याला आणूनही देणार नाही. हवा असेल तर शहापूरला येऊन घेऊन जा. पुढची सीट मोकळी आहे, आणि माझ्या डिकीत काहीही नाही.